हाकाऱ्यासाठी ब्राउनिंग बार की ब्लाझर आर-८?

जर्मनीत शिकारीचा परवाना हातात आला आणि रानडुकरांच्या हाकाऱ्याला जायचं ठरलं, की बरेच जण या दोन रायफलींपाशी अडतात. बार एमके-३ सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारी. आर-८ चा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा भाग, हाताने सरळ मागे ओढायचा. काडतूस दोन्हींत .३०-०६ धरू.

बारचं बलस्थान म्हणजे कमी जाणवणारा धक्का. नळीतल्या छिद्रातून थोडा वायू पिस्टनवर येतो, बोल्टला नळीशी जखडून ठेवणारे त्याच्या तोंडाचे सात दात फिरून सुटतात आणि बोल्ट मागे जातो. या हालचालीत धक्का पसरतो, डोळा दुर्बिणीवरून ढळत नाही, पळत्या डुकरावर दुसरा नेम चटकन बसतो. पण २०१६ च्या कायदेबदलानंतर शिकारीत सेमी-ऑटोमध्ये चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची जागा) धरून तीनच काडतुसं चालतात. आर-८ ला ही मर्यादा नाही. मॅगझिनमध्ये चार, चेंबरमध्ये एक.

माझ्यासाठी निकाल लागला तो मात्र आवाजावर. मचाणावर चढताना-उतरताना, ओढा किंवा कुंपण ओलांडताना रायफल रिकामी करावीच लागते, म्हणजे एका सकाळी ती अनेकदा भरावी लागते. बारचा बोल्ट पूर्ण मागे ओढून सोडून द्यायचा, स्प्रिंगच्या जोराने तो आपटलाच पाहिजे. आवाज नको म्हणून हाताने हळू पुढे नेला तर दात पुरते फिरत नाहीत आणि ऐन वेळी ट्रिगर दाबूनही गोळी सुटत नाही. हँडल तळहाताने रेटून खात्री करता येते, पण झाडीत डुकरं जवळ असतील तर तेवढी खटखटही त्यांना पुरते. आर-८ चा बोल्ट बोटांच्या ताब्यात पुढे जातो, जवळजवळ निःशब्द. शिवाय अंगठ्याने खटका पुढे ढकलेपर्यंत फायरिंगची स्प्रिंग ताणलेलीच नसते. थंडीत, जाड हातमोज्यांत तो खटका जड लागतो, हे मान्य.

साफसफाईतही फरक आहे. आर-८ चा बोल्ट निघतो, सळई मागून घालता येते. बारची नळी तोंडाकडूनच साफ करावी लागते. तोंडाची कड घासू नये म्हणून गाइड लावा, आणि सॉल्व्हंट ट्रिगरकडे वाहू नये म्हणून रायफल उलटी धरा. पिस्टनला तेल फार नको. ते जळून काजळी धरते, पिस्टन अडतो, बोल्ट पुरता मागे जात नाही आणि रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीतच अडकते. बारसाठी वापरलेल्या पुंगळ्या घरी पुन्हा भरत असाल तर पुंगळीची फक्त मान दाबून मापात आणणं भागत नाही, पूर्ण लांबी साच्यातून काढावी लागते.

आर-८ महाग आहे, आणि दुसरी गोळी झाडेपर्यंत हात बसायला सराव लागतो. खांदा दुखरा असेल, किंवा वर्षातून एक-दोनदाच हाकाऱ्याला जाणार असाल, तर बार चुकीची निवड म्हणता येणार नाही. पण त्याच रायफलीने संध्याकाळी मचाणावरही बसायचं असेल, तर मी आर-८ कडेच बोट दाखवीन.

जुनी बार स्वस्तात मिळत असेल तर नळीखालचा लाकडी भाग काढून पिस्टनवर गंजाचे खड्डे आहेत का ते आधी पाहा. विकणारा तो काढू देत नसेल तर पुढचं दुकान गाठा.