नऊ महिने वर्गणी भरून सिनेबातम्या वाचल्या : वापरानंतरचा अनुभव

सिनेबातम्यांच्या एका साइटचा नूतनीकरणाचा मेसेज आला, वर्षाचे ९९९ रुपये. अजून भरलेले नाहीत, आणि त्याला कारण एक आकडा आहे.

एका मराठी चित्रपटाने पहिल्या आठवड्यात ११ कोटी ८० लाख कमावले, अशी त्या साइटवरची बातमी मी घरात मोठ्याने वाचून दाखवली. 'खर्च सहा कोटी, म्हणजे दुप्पट वसूल' असंही त्यात होतं. दोन दिवसांनी तिथेच दुसऱ्या बातमीदाराने लिहिलं, दहा कोटी. मी कागद-पेन घेऊन बसलो. शंभर रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी लागतो. पहिल्याने ग्रॉस, म्हणजे करासकट गल्ला, लिहिला होता, दुसऱ्याने नेट, म्हणजे कर वजा करून, आणि कुठला कोणता हे दोघांनीही सांगितलं नव्हतं. बरं, नेटही सगळा निर्मात्याच्या खिशात जात नाही, त्यात थिएटरचाही वाटा असतो. हिंदीत निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्स यांच्यातल्या २००९च्या वादानंतर वितरकाचा वाटा ठरला तो पहिल्या आठवड्यात ५० टक्के, मग साडेबेचाळीस, साडेसदतीस आणि पुढे ३०. तोच हिशेब इथे धरला तर दहा कोटींतले पाचच निर्माता-वितरकाच्या हाती येतात. म्हणजे सहा कोटींचा चित्रपट अजून तोट्यात! हे न कळणाऱ्याने धंद्याच्या बातम्या का लिहाव्यात?

तीन मेल केले. उत्तर नाही.

मुलाखतींचं फारसं काही सांगण्यासारखं नाही. नटाची तीच उत्तरं, शब्द न बदलता, आणखी दोन ठिकाणी वाचली.

पाचव्या महिन्यापर्यंत माझं मत पक्कं झालं होतं. ते बदललं तिथल्या एका समीक्षक बाईंमुळे. आधी त्या मला रुक्ष वाटायच्या, कारण त्या तारे देत नाहीत. पण परीक्षणाच्या सुरुवातीलाच त्या लिहितात, 'चित्रपट निर्मात्यांच्या खास खेळात पाहिला' किंवा 'तिकीट काढून पाहिला'. एकदा छायालेखकाचं नाव चुकलं, तर खाली तारीख घालून दुरुस्ती दिली, जुनं चुकीचं नावही ठेवलं. गुपचूप पुसून टाकणं किती सोपं होतं! त्यांचं वाचून आम्ही एक चित्रपट टाळला. २३६ रुपयांची चार तिकिटं, ९४४ वाचले. वर्षाची वर्गणी जवळजवळ तिथेच सुटली.

म्हणून आता महिन्याचीच वर्गणी घेणार, फक्त त्यांच्यासाठी. चौथा मेल आज पाठवलाय. त्यात एवढंच मागितलंय, प्रत्येक आकड्यापुढे ग्रॉस की नेट ते लिहा, आणि आकडा कोणी दिला तेही.