जंगल की खडकाळ किनारा? सहावी-सातवीची निसर्गसहल ठरवताना

मुंबईच्या शाळेला परिसंस्था प्रत्यक्ष दाखवायची तर बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान किंवा ओहोटीत उघडा पडणारा खडकाळ किनारा, कार्टर रोडसारखा. मी दोन्हीकडे मुलं नेली आहेत.

जंगलाची सोय मोठी. तारीख कुठलीही चालते, सावली असते, पालक लगेच हो म्हणतात. पाऊस ओसरला की पायवाटेवर जाळी विणून बसलेले मोठे कोळी भेटतात. कारवीची झुडपं फुलली असतील तर किनाऱ्याचा विचारही करू नये. 2016 नंतर ती थेट 2024 ला फुलली होती.

माझं अडलं ते रांगेपाशी. चाळीस मुलं एकामागे एक. पुढच्या पाचांना स्वर्गीय नर्तक पक्षी दिसतो आणि मागे बातमी पोचेपर्यंत तो उडालेला असतो. दिवसभर आपण नुसतं "शू, हळू बोला" करत राहतो. एकदा परतीच्या बसमध्ये रांगेतल्या शेवटच्या मुलीची वही पाहिली. तिच्यात "माकडं" एवढाच शब्द होता. मला फार वाईट वाटलं.

किनाऱ्यावर एकेका डबक्याभोवती पाच-सहा मुलं उकिडवी बसतात, प्रत्येकाला दिसतं. शंखात राहणाऱ्या खेकड्यावर सावली पडली की तो आत जातो. सावली बाजूला घेऊन थांबलं की आधी मिशा बाहेर येतात, मग देठावरचे डोळे, मग पाय. तेवढा वेळ मुलं आपणहून गप्प असतात. वरच्या खडकावर बार्नेकल (खडकाला चिकटलेले छोटे कवचधारी प्राणी), खाली कालवं, अगदी खाली शेवाळ आणि समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे प्राणी): कोण किती वेळ पाण्याबाहेर तग धरतं, ते थोड्या पावलांत कळतं.

त्रास आहे तो वेळेचा. अमावास्या-पौर्णिमेला पाणी खूप मागे हटतं, पण मुंबईत तेव्हाची ओहोटी पहाटे सहाच्या सुमारास. म्हणून मी द्वितीया-तृतीया धरतो. तिथीच्या आकड्याची (द्वितीयेला दोन, तृतीयेला तीन) पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, ओहोटी तिच्या सहा तास अलीकडे. म्हणजे या दोन दिवशी ओहोटी सकाळी साडेसात ते सव्वाआठ. छापील तक्त्याशी जरूर ताडून पाहा. तासभर आधी खडकावर असावं आणि पाणी फिरलं की निघावं. शेवाळावर पाय सरकतो, काचाही असतात. घट्ट बूट हवेत आणि दहा मुलांमागे एक मोठं माणूस.

पहिली-दुसरीची मुलं असतील किंवा सोबतीला शिक्षक कमी असतील, तर जंगलच बरं, असं मला वाटतं. सहावी-सातवीसाठी मात्र मी यंदाही तृतीयेचा शनिवार मागून घेतला आहे.