डेबियन 13: काही महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः अपग्रेडबद्दल

9 ऑगस्ट 2025 ला आलेलं डेबियन 13 म्हणजे 'ट्रिक्सी' (डेबियन ही लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टिम) रोजच्या वापरात शांतपणे चालतं. तक्रार आहे ती 12 वरून 13 वर येण्याच्या प्रवासाबद्दल, कारण पॅकेजिंगमधले, म्हणजे सॉफ्टवेअर बांधून देण्याच्या पद्धतीतले, काही बदल एररचा एक शब्दही न काढता चालती गोष्ट बंद पाडतात.

सगळ्यात फसवा बदल 'सिस-सीटीएल.कॉन्फ' या कर्नल सेटिंग्जच्या फाइलचा. बूट होताना सिस्टिमडी (मशीन सुरू करून सेवा चालवणारा प्रोग्रॅम) आता ही फाइल वाचतच नाही. आयपी फॉरवर्डिंग (दुसऱ्या मशीनचं ट्रॅफिक पुढे पाठवणं) त्यात लिहिलं असेल तर रीबूटनंतर व्हीपीएन जोडला जातो, पण पुढे ट्रॅफिक जात नाही. हाताने 'सिस-सीटीएल -पी' चालवलं की सगळं सुरळीत, कारण ती कमांड जुनीच फाइल वाचते. मग दोष फायरवॉलवर जातो आणि पुढच्या रीबूटला पुन्हा तेच. उपाय दोन मिनिटांचा: त्या ओळी 'इटीसी'मधल्या 'सिस-सीटीएल.डी' फोल्डरमध्ये '.कॉन्फ'ने संपणाऱ्या फाइलमध्ये हलवायच्या.

तात्पुरत्या फाइलींचं '/टीएमपी' फोल्डर आता रॅममध्ये असतं आणि डिफॉल्ट मर्यादा रॅमच्या निम्मी. 4 जीबी रॅमच्या मशीनवर मोठी फाइल सॉर्ट केली किंवा आयएसओ बनवली की 2 जीबीला 'जागा नाही' येतं, डिस्क अर्धी रिकामी असली तरी. बदल पहिल्या रीबूटनंतर लागू होतो, त्यामुळे त्याचा अपग्रेडशी संबंध चटकन लक्षात येत नाही. नको असेल तर सिस्टिमडीचं 'टीएमपी.माउंट' युनिट मास्क (म्हणजे बंद) करून रीबूट करा.

मुळात वाद आहे तो नाव तेच ठेवून आतला माल बदलण्याचा. 2024 मध्ये कीपासएक्ससी या पासवर्ड मॅनेजरचं असंच झालं. त्याच नावाच्या पॅकेजमधून ब्राउझर इंटिग्रेशनसकट नेटवर्कची सोय काढली गेली आणि पूर्ण आवृत्ती '-फुल' नावाने वेगळी झाली. डेबियनसाठी ते पॅकेज बनवणाऱ्याचं म्हणणं, पासवर्ड मॅनेजरमध्ये हल्ल्याला वाव देणारा कोड हवाच कशाला. मूळ डेव्हलपर म्हणाले, या सोयी डिफॉल्टने बंदच असतात, आणि तक्रारी मात्र आमच्याकडे येतात. सुरक्षेचा मुद्दा खोटा नाही, पण नवं नाव छाटलेल्या आवृत्तीला द्यायला हवं होतं. पॅकेजसोबतच्या 'न्यूज' फाइलमध्ये सूचना दिली होती हे उत्तर पुरत नाही. ग्राफिकल अपडेटरवाल्याला ती सहसा दिसतच नाही.

म्हणून आधी अशा सूचना अपग्रेडच्या वेळी दाखवणारं 'एपीटी-लिस्टचेंजेस' टाका. '/बूट' (मशीन सुरू करणाऱ्या फाइलींची जागा) वेगळं पार्टिशन असेल तर ते किमान 768 एमबीचं आणि त्यात 300 एमबी मोकळे हवेत. मारियाडीबी हा डेटाबेस असेल तर आधी नीट बंद करा, क्रॅश झालेल्या अवस्थेतून पुढे नेऊ नका. मग नवी पॅकेजं न घेता साधा 'अपग्रेड', नंतर 'फुल-अपग्रेड'. दुसऱ्या वेळी काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी एपीटी (डेबियनचं पॅकेज टाकण्या-काढण्याचं साधन) दाखवतं. ती वाचल्याशिवाय 'वाय' दाबू नका.

कॉन्फिग फाइलबद्दल विचारलं की 'एन' दाबून आपली जुनी ठेवायची, ही सवय एरवी चांगली. डव्हकॉट या मेल सर्व्हरला मात्र ती नडते: 2.4 चा कॉन्फिग ढाचा जुन्याशी जुळत नाही, त्यामुळे मेल सर्व्हर उठतच नाही. तो कॉन्फिग आधी चाचणी मशीनवर नव्याने लिहून ठेवा, मगच मुख्य सर्व्हरला हात लावा.