पाच दिवसांची विज्ञान-तंत्रज्ञान कार्यशाळा, आठ महिन्यांनंतर: वर्गात काय टिकलं, काय कपाटात गेलं

सहावी ते दहावीच्या विज्ञान शिक्षकांसाठी मे महिन्यातली निवासी कार्यशाळा. चाळीस जणांची तुकडी, सकाळी टाकाऊतून प्रयोग, दुपारी आर्डुइनो (संगणकावरून प्रोग्राम चढवता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड), आणि परत येताना शाळेसाठी एक खोकं. त्या खोक्यातल्या वस्तू जून ते जानेवारी, साठ मुलांच्या वर्गात, पस्तीस मिनिटांच्या तासाला वापरून झाल्यावरचा हा अनुभव आहे. आयोजकांचं नाव मुद्दाम देत नाही. अशा कार्यशाळांचा साचा सगळीकडे साधारण एकच असतो, आणि पुढच्या अडचणीही त्याच.

आधी निकाल सांगतो. शिकवणारे उत्तम, साहित्य ठीक, एक त्रुटी मोठी. पाचही दिवस वस्तू करायला शिकवलं, बिघडलेली वस्तू ओळखायला अर्धा तासही दिला नाही. कार्यशाळेत मोटर फिरली नाही की तज्ज्ञ येऊन दोन बोटांनी काहीतरी करायचे आणि ती फिरायची. ते 'काहीतरी' काय होतं, हे वर्गात बारा गटांच्या बारा मोटरी एकाच वेळी अडकल्यावर कळतं.

मोटरपासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यांना तीच आवडते. मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचा रबर, जुन्या स्पीकरमधलं चुंबक आणि विंडिंगची तांब्याची तार. सेलवर दहा वेढे घ्यायचे, दोन टोकं बाहेर काढायची. एका टोकाचं इनॅमल, म्हणजे तारेवरचा वीज अडवणारा पातळ थर, सगळ्या बाजूंनी खरवडायचं, दुसऱ्याचं अर्ध्याच बाजूनं. इथवर सगळे सांगतात. पण ती अर्धी बाजू कोणती? गुंडाळी उभी धरून टोकाची वरची बाजू खरवडली तर मोटर फिरते. टेबलावर आडवी ठेवून वरची बाजू खरवडली तर ती नुसती थरथरते. कारण चुंबक खाली असताना गुंडाळी आडवी झाली की फिरवणारा जोर शून्य होतो आणि तिथून पुढे उलट दिशेचा सुरू होतो. प्रवाह नेमका त्या जागी तुटायला हवा. आडवी ठेवून खरवडलेल्या गुंडाळीत तो तिथेच चालू राहतो, मग अर्धा धक्का पुढे, अर्धा मागे. मुलं हमखास टेबलावर ठेवूनच खरवडतात, कारण ते सोपं जातं. आमच्याकडच्या न फिरणाऱ्या मोटरींपैकी बहुतेकींचा दोष हाच निघाला. उपाय: न खरवडलेल्या बाजूला मार्करनं रेघ मारायची आणि गुंडाळी उभी असताना ती रेघ खाली आहे ना ते पाहायचं.

दुसरी अडचण सेलची. २२ गेजच्या सव्वा मीटर तारेचा रोध जेमतेम ०.०५ ओहम भरतो, म्हणजे हे जवळपास शॉर्ट सर्किटच. मोटर फिरत असते तोवर अर्धा वेळ प्रवाह बंद असतो, पण गुंडाळी जोडलेल्या स्थितीत थांबली की सेल तापतो आणि एका तासात बसतो. आता आम्ही २४ गेजची, म्हणजे त्याहून बारीक तार घेऊन वीस वेढे घालतो. प्रवाह कमी लागतो, वेढे दुप्पट असल्यानं जोर टिकतो. सेल साधा झिंक-कार्बनच हवा. त्याचा आतला रोध जास्त असतो आणि इथे तोच उपयोगी पडतो. अल्कलाइन सेल चटका बसेल इतका तापतो. पॉवर बँकेतला लिथियम सेल तर या प्रयोगाजवळ आणूच नये. पाव किलो तारेत अशा सुमारे पन्नास गुंडाळ्या होतात. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात तार वजनावर मिळते. खरवडायला ब्लेड देऊ नका, पॉलिश पेपरचा तुकडा द्या.

आठवीच्या 'धाराविद्युत आणि चुंबकत्व'ला आणि दहावीच्या 'विद्युतधारेचे परिणाम'ला ही मोटर चपखल बसते. दहावीच्या मुलांना तर चालू मोटर दाखवण्याऐवजी थरथरणारी द्यावी आणि दोष शोधायला सांगावा. दर अर्ध्या फेरीला प्रवाहाची दिशा उलटवणाऱ्या विभाजित कड्यांचं काम तोंडपाठ असलेल्या मुलालाही ते काम खरोखर कळतं ते तेव्हा.

व्हॉल्व्हट्यूब (सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी) आणि काड्यापेटीच्या काड्यांची जोडणी टाकाऊतून विज्ञान-खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाच्या काळात रुजवली, तिला आता चाळीस वर्षं उलटून गेली. त्रिकोण ताठ राहतो, चौकोन लटपटतो हे हाताला कळण्यासाठी याहून स्वस्त साधन नाही. काड्यांचा गूल काढून टाकायचा, मेणकाड्या घ्यायच्या नाहीत, ट्यूबचे तुकडे दीड-दोन सेंटिमीटरचे. रबर काही महिन्यांत कडक होऊन तडकतो, म्हणून एकदम गठ्ठा घेण्यात अर्थ नाही. यापलीकडे तक्रार नाही.

फोल्डस्कोप, म्हणजे घडी घालून करायचा कागदी सूक्ष्मदर्शक, वस्तू म्हणून भक्कम आहे. कागदी दिसतो पण कागद पाण्यानं खराब होत नाही, आणि १४० पटीनं मोठं दिसतं. तरीही साठ मुलं आणि एक फोल्डस्कोप हे गणित सुटत नाही. प्रत्येकाला दोन मिनिटं दिली तरी दोन तास लागतात. सोबतच्या चुंबकानं तो फोनच्या कॅमेऱ्याला चिकटवला आणि फोन टीव्हीला जोडला, की आयोडीन टाकलेला कांद्याचा पापुद्रा सगळा वर्ग एकदम पाहतो. कार्यशाळेत हे दाखवलं होतं, पण शेवटच्या पाच मिनिटांत, चहाच्या आधी.

आमच्या लेखी खोक्यातली सर्वांत टिकाऊ गोष्ट म्हणजे बॉल-मिरर. वाळू भरलेला प्लॅस्टिकचा चेंडू, त्यावर चिकटवलेला दीड सेंटिमीटरचा आरशाचा तुकडा, खाली बैठक म्हणून सेलोटेपचं रिकामं रीळ. चेंडू उन्हात ठेवायचा आणि कवडसा अंधाऱ्या खोलीच्या भिंतीवर पाडायचा. अंतर वीस मीटर असेल तर सूर्याची प्रतिमा अठरा-एकोणीस सेंटिमीटरची मिळते. प्रतिमेचा व्यास अंतराच्या सुमारे १०८ व्या भागाइतका असतो, हे मुलांना टेप लावून स्वतः काढू द्यावं. आरसा चौकोनी आणि कवडसा गोल का, हा प्रश्न सातवीची मुलं विचारतात आणि त्यावर एक अख्खा तास निघतो. चुका दोन होतात. एक, अंतर कमी ठेवणं: पाच मीटरवर आरशाच्या मानानं प्रतिमा लहान असते, म्हणून कडा पुसट येतात. दुसरी, घाई न करणं: कवडसा दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाइतका सरकतो, म्हणून एक मुलगा चेंडूजवळ बसवावाच लागतो. आरशाकडे थेट पाहायचं नाही, ही सूचना त्यालाच आधी द्यायची. मोठा सौरडाग असेल तर तोही दिसतो.

शून्य सावलीचा प्रयोगही शिकवला होता. पुण्याच्या अक्षांशावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस. पहिल्या वेळी शाळेला सुट्टी, दुसऱ्या वेळी आभाळाला काम.

आता आर्डुइनो. इथे खर्च जास्त, वेळ जास्त आणि अपेक्षाभंगही जास्त. पहिलीच अडचण संगणकाची. आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरची दोन क्रमांकाची नवी आवृत्ती विंडोज १० च्या खाली चालत नाही, आणि शाळेच्या संगणक कक्षात विंडोज ७ भेटण्याची शक्यता बरीच. तिथे जुनी १.८.१९ आवृत्ती टाकावी. किटमधला बोर्ड स्वस्त नकलेचा असेल तर त्यावर सीएच ३४० ही चिप असते आणि तिचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो, नाहीतर पोर्टच दिसत नाही. या दोन फायली कार्यशाळेतून निघतानाच पेनड्राइव्हवर घ्या. प्रोग्राम चढत नसेल तर पिन ० आणि १ ला काही जोडलंय का ते आधी बघा. संगणकाशी बोलण्याचा मार्ग तोच आहे.

मल्टीमीटर मात्र कोणत्याही सेन्सरपेक्षा आधी मरतो. मुलं नॉब मिलिअँपिअरवर ठेवून दोन्ही प्रोब थेट सेलला लावतात आणि आतला काचेचा फ्यूज उडतो. मीटर सुरू दिसतो, व्होल्टही दाखवतो, फक्त प्रवाह शून्य. आमचे दोन मीटर 'खराब' म्हणून बाजूला पडले होते, दोन्हीत फक्त फ्यूज गेलेला. मागचे स्क्रू काढून त्याच आकड्याचा नवा घालायचा, तारेचा तुकडा घालायचा नाही. डझनभर फ्यूज आणून ठेवावेत.

ब्रेडबोर्डचा, म्हणजे डाग न देता जोडणी करायच्या छिद्रांच्या पाटीचा, त्रास सावकाश सुरू होतो. जाड पायाचे डायोड घातले की आतल्या पट्ट्या सैल होतात आणि नंतर बारीक पायांचे भाग नीट टेकत नाहीत. काही लांब बोर्डांत कडेची वीजपट्टी मध्यावर तुटलेली असते, त्यामुळे अर्ध्या बोर्डाला वीजच मिळत नाही. जंपर वायर, म्हणजे जोडणीच्या सुट्या तारा, आवरणाच्या आत तुटतात, वरून धडधाकट दिसतात. तास सुरू होण्यापूर्वी कंटिन्युइटी (तार आतून सलग आहे का) तपासायला आता आम्ही नववीची दोन मुलं नेमली आहेत. चाळीस वायर दहा मिनिटांत होतात.

सेन्सरांत एचसी-एसआर०४ हा ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा सेन्सर सर्वांत कामाचा. कार्यशाळेत तो 'रोबोटचे डोळे' म्हणून दाखवला. नववीच्या 'ध्वनीचा अभ्यास' या धड्यात तो सोनार म्हणून जास्त शोभतो. नेहमीच्या प्रोग्राममध्ये मायक्रोसेकंदांना ५८ नं भागून सेंटिमीटर काढतात. हा आकडा साधारण २०-२५ अंश तापमानाचा आहे. ऑक्टोबरच्या उन्हात वर्गात ३५ अंश असताना टेपवर शंभर सेंटिमीटर अंतर पडद्यावर ९८ दिसतं, जानेवारीच्या सकाळी १५ अंशांना १०१. ही चूक दुरुस्त करू नका. मुलांना ५८ काढून टाकायला लावा, नुसते मायक्रोसेकंद छापा आणि दोन मीटरचा प्रवास भागिले वेळ असा ध्वनीचा वेग काढू द्या. ३५२ आणि ३४० हे दोन आकडे दोन ऋतूंतून आले की तापमानाचा परिणाम वेगळा शिकवावा लागत नाही. समोर सपाट भिंत किंवा पुठ्ठा हवा, तोही काटकोनात. पडदा किंवा साडी धरली तर आवाज शोषला जातो आणि कधी शून्य, कधी भलताच आकडा येतो.

मातीचा ओलावा मोजणाऱ्या सेन्सरनं सर्वांत वाईट अनुभव दिला. दोन पायांच्या त्या पट्टीतून सतत प्रवाह जात राहिला की एका पायाचा धातू विरघळत जातो. तीन आठवड्यांत आकडे भरकटले, सहाव्या आठवड्यात पाय काळा पडून तुटला. विज्ञान प्रदर्शनांत 'स्वयंचलित सिंचन' इतकं लोकप्रिय का, ते आता कळतं: प्रदर्शन दोन दिवसांचं असतं. उपाय दोन आहेत. सेन्सरला वीज एखाद्या डिजिटल पिनवरून द्यायची, वाचन घेण्यापुरती चालू करायची आणि लगेच बंद. आणि पाय म्हणून मोटरच्या प्रयोगात बसलेल्या सेलमधल्या कार्बनच्या कांड्या वापरायच्या, १० किलोओहमच्या रोधासोबत. फक्त झिंक-कार्बन सेलच उघडायचा, तोही शिक्षकानं, हातमोजे घालून. अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, तो उघडायचा नाही. कांडीचे पाय चौथ्या महिन्यातही चालू आहेत.

सर्वो मोटर (सांगितलेल्या कोनात वळणारी मोटर) यूएसबीवर चालवली की बोर्ड मध्येच रीसेट होतो, कारण अडकलेली सर्वो यूएसबीच्या ५०० मिलिअँपिअरच्या वर मागते. तिला चार साध्या सेलांचा वेगळा होल्डर द्या आणि दोन्हींची ऋण टोकं एकत्र जोडा. ती जोडायची राहिली तर सर्वो वेड्यासारखी झटके देते. किटमधली नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी यातल्या कशालाच पुरत नाही.

एक गोष्ट कागदोपत्री. खोकं आल्याबरोबर सगळं डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढलं, अगदी एलईडीसुद्धा. मग तुटेल म्हणून मुलांच्या हातात काही द्यायला शिक्षक कचरतात आणि कपाटाला कुलूप लागतं. बोर्ड आणि मीटर डेडस्टॉकला, बाकी वायर, सेल, एलईडी, सेन्सर उपभोग्य साहित्यात चढवून घ्या. मुख्याध्यापकांशी हे पहिल्याच आठवड्यात बोलावं.

अशा कार्यशाळेला नाव देण्यापूर्वी एकच चौकशी करा: पुढे काय? होशंगाबादचा विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ ते २००२ असा तीस वर्षं चालला. तिथे प्रशिक्षणानंतर शिक्षक दर महिन्याला संगम केंद्रावर जमत आणि वर्गात अडलेलं मांडत. आमच्या कार्यशाळेचा 'पुढे' म्हणजे एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. गणेशोत्सवापासून तिथे फक्त शुभेच्छा येतात. म्हणून जवळच्या तीन शाळांनी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बिघडलेलं सामान घेऊन एकत्र बसायला सुरुवात केली आहे. अट एकच, चालू वस्तू आणायची नाही. मागच्या वेळी सहा गुंडाळ्या, एक मीटर आणि पोर्ट न दाखवणारे दोन बोर्ड आले होते. एक बोर्ड सोडून सगळं दुरुस्त होऊन परत गेलं.