पुणे, कोल्हापूर की सातारा? सायकल सोबत नेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

भाचीचं बी.एस्सी. संपलं. एम.एस्सी.साठी तीन गावांचे अर्ज समोर होते आणि तिचा प्रश्न असा होता: "मामा, सकाळी साडेपाचला सायकल काढली तर डोंगर चढून-उतरून दहाच्या तासाला बसता येईल, असं गाव कुठलं?"

मला हा प्रश्न फार आवडला. बहुतेक जण गावाची निवड रविवारवरून करतात. ताम्हिणी जवळ आहे, कास जवळ आहे, गगनबावडा जवळ आहे. पण दोन वर्षांत रविवार येतात शंभर. त्यातून परीक्षा, घरी जायचे दिवस आणि धो-धो पावसाचे दिवस वजा करा. पाय तयार होतात ते मंगळवारी आणि गुरुवारी. म्हणून मी तिन्ही गावं वसतिगृहाच्या फाटकापासून पहिल्या चढापर्यंतच्या अंतराने मोजली. आपला विषय तिथे नीट शिकवतात की नाही हे अर्थातच आधी पाहायचं. ते तिचं पाहून झालं होतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. आपल्याकडे माउंटन बायकिंग म्हणजे खास सायकलींसाठी आखलेल्या वाटा नव्हेत. गुरांच्या वाटा, वनखात्याच्या जाळरेषा (वणवा अडवायला साफ ठेवलेले पट्टे), पठारावरची जुनी गाडीवाट, हेच आपलं मैदान. भाद्रपद-आश्विनात गुडघाभर गवतात दगड दिसत नाहीत, दिवाळीनंतर गवत वाळतं आणि वाटा मोकळ्या होतात. टायरमध्ये सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारं द्रव, हवंच, कारण बाभळीचा काटा तिन्ही गावांत सारखाच घुसतो.

पुणे

पुण्याच्या रहदारीला घाबरून बरेच जण हे नाव आधीच खोडतात. माउंटन बाइकवाल्यांनी ते खोडू नये. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ४११ एकरांचं आवार गणेशखिंडीत आहे, आणि तिथून चतुःशृंगीच्या बाजूने निघालात की पंधरा-वीस मिनिटांत तुम्ही वेताळ टेकडीच्या पायथ्याशी असता. ही शहरातली सर्वांत उंच टेकडी, समुद्रसपाटीपासून आठशे मीटरच्या आसपास. वर काळा कातळ, सुटा मुरूम, गिरिपुष्पाची दाट झाडी आणि पावसाने कोरलेल्या घळी. त्या घळींतून पुढचं चाक कुठे ठेवायचं हे शिकायला मला एक आख्खा हिवाळा लागला. मुरुमावर पुढचा ब्रेक दाबला की चाक सरकतं. वजन मागे नेऊन मागच्या ब्रेकवर उतरायचं, हे कुणी सांगून कळत नाही, दोन्ही कोपरं सोलून निघाल्यावर कळतं.

टेकडी आधी चालणाऱ्यांची आहे, हे मात्र विसरू नका. सहा वाजता तिथे आजी-आजोबा असतात, लहान मुलं असतात, मोर असतात. अरुंद जागी खाली उतरून सायकल हातात धरावी. वनखात्याचे फलक वाचावेत आणि वेळा पाळाव्यात. पुढे पाषाण, बाणेर, बावधनच्या टेकड्याही हाताशी आहेत.

रोड बाइकवाल्यांसाठी, म्हणजे डांबरी रस्त्यावरच्या पातळ टायरांच्या सायकलवाल्यांसाठी, सिंहगड. गोळेवाडीपासून वर आठ-नऊ किलोमीटरचा घाट, माथा १,३१२ मीटरवर. महाराष्ट्रात चढाची वेळ मोजायची ती बऱ्याच जणांना इथेच मोजायची असते. बोपदेव, दिवे, जुना कात्रज हे घाटही आहेत. पण इथे मंगळवारचं गणित बिघडतं. विद्यापीठापासून पायथाच पंचवीस किलोमीटरच्या पुढे, आणि परतताना साडेसात वाजले की टँकर, मिक्सर आणि कंपन्यांच्या बसेस यांच्या मधून यावं लागतं. म्हणजे सिंहगड शनिवारचा.

पुण्याचा मोठा फायदा माणसांचा आहे. मुंबई–पुणे सायकल शर्यत आणि तिच्यात घाट सर्वांत आधी चढणाऱ्याला मिळणारा 'घाटांचा राजा' हा किताब या भागाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिलाय. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही अनेक टप्प्यांची आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत जिल्ह्यातल्या रस्त्यांवर झाली. हायड्रॉलिक ब्रेकचं तेल बदलून देणारा, चाकाची आरी सरळ करून देणारा मेकॅनिक इथे शोधावा लागत नाही.

कोल्हापूर

इथे मी शिकलोय, त्यामुळे थोडा लळा जास्त आहे. शिवाजी विद्यापीठ १९६२ साली सुरू झालं आणि त्याचं आवार इतकं मोठं आहे की पहिल्या महिन्यात आतच फेऱ्या मारून दम काढता येतो. अडचण एकच. विद्यापीठ शहराच्या पूर्वेला, डोंगर वायव्येला. पन्हाळ्याला जायचं तर आख्खं कोल्हापूर ओलांडून शिवाजी पुलावरून पंचगंगा पार करायची, मग केर्ली, वाघबीळ आणि चढ. एका बाजूने सुमारे पंचवीस किलोमीटर. साडेपाचला निघालेला चांगला सायकलस्वार दहाच्या आत परत येतो, पण तासाला डोळे मिटतात. आठवड्यातल्या दिवशी त्यापेक्षा कळंब्यापलीकडचा कात्यायनीचा डोंगर बरा. तो जवळ आहे आणि रस्ता शांत आहे.

मात्र शनिवार उजाडला की कोल्हापूरची बरोबरी मला दुसरं गाव करताना दिसत नाही. एकीकडे जोतिबा, एकीकडे पन्हाळा, आणि पन्हाळ्याच्या पुढे मसाईचं पठार. जांभ्याचं हे सपाट पठार मैलोन्‌मैल पसरलंय, आणि पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे जाणाऱ्या पदभ्रमण मोहिमेची वाट त्यावरूनच जाते. डिसेंबरातली एक सकाळ अजून डोळ्यांपुढे आहे. धुकं इतकं खाली की पुढच्या सायकलचं फक्त मागचं चाक दिसत होतं. जांभ्यावर टायरचा करकर आवाज येत होता, आणि मध्येच कुठूनतरी म्हशींच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. चेन तुटली तेव्हा गुराखी मामा येऊन शेजारी बसले, ती जोडून होईपर्यंत उठले नाहीत. पठार आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तेव्हा मळलेली वाट सोडून गवतात, फुलांत सायकल घालायची नाही.

लांब जायचं तर गगनबावडा, सुमारे ५५ किलोमीटर. तिथून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट कोकणात उतरतात, म्हणजे एकाने उतरून दुसऱ्याने चढता येतं. राधानगरी-दाजीपूरचा रस्ता झाडीतून जातो. परतीच्या वाटेवर गंगावेशीत दूधकट्ट्यावर समोर पिळलेल्या म्हशीच्या दुधाचा पेला घेतला की उरलेलं अंतर जाणवत नाही.

दोन गोष्टी जपायच्या. उसाचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. मागच्या ट्रॉलीला बऱ्याचदा दिवा नसतो, आणि रस्त्यावर पडलेल्या उसाच्या वाड्यावरून, म्हणजे शेंड्याकडच्या पाल्यावरून, चाक घसरतं. पहाटे निघताना मागे-पुढे दोन्हीकडे झगझगीत दिवे लावा. दुसरं म्हणजे पूर. रेडेडोह फुटला, म्हणजे तिथून पुराचं पाणी बाहेर पडलं, की पन्हाळ्याचा रस्ता बंद होतो, त्या दिवसांत सायकल घरातच ठेवायची.

सातारा

फाटकापासून चढापर्यंतचं अंतर हा एकच निकष लावला तर सातारा पहिला येतो. गाव अजिंक्यताऱ्याच्या पायाशी वसलंय. समर्थ मंदिराच्या चौकातून यवतेश्वरचा घाट जवळजवळ लगेच लागतो. सातारा हिल हाफ मॅरेथॉन धावते ती याच घाटात. सकाळी सहाला निघून यवतेश्वर गाठायचं, सातारा खाली उलगडलेलं पाहायचं आणि आठला आंघोळ करून नाश्त्याला बसायचं. हे रोज जमतं. असा घाट पुण्यात आणि कोल्हापुरात रोज जमत नाही.

वेळ असेल तर तोच रस्ता पुढे कासला जातो आणि तिथून बामणोलीला कोयनेच्या जलाशयापर्यंत उतरतो. दुसऱ्या बाजूला साताऱ्याच्या बोगद्यातून बाहेर पडलात की सज्जनगड, ठोसेघर आणि त्यावरचं चाळकेवाडीचं पवनचक्क्यांचं पठार. हे शेवटचं माउंटन बाइकसाठी माझं सर्वांत लाडकं ठिकाण. पवनचक्क्यांसाठी केलेले कच्चे रस्ते आहेत, वारा मात्र समोरून आला तर सपाटीवरही चढावरचा गिअर टाकायला लावतो. फुलांच्या हंगामात कासकडे शनिवार-रविवारी जाऊ नका, गाड्यांची रांग लागते. कासच्या फुलांवर सायकल घालायचा तर प्रश्नच नाही.

साताऱ्याची कमजोर बाजू विषयांची आहे. कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ २०२१ मध्ये झालं, रयत शिक्षण संस्थेची जुनी महाविद्यालयं एकत्र येऊन. शिक्षणाची परंपरा मोठी आहे, पण विषयांची निवड पुण्याइतकी रुंद नाही. सायकलचे महागडे सुटे भागही बऱ्याचदा पुण्याहून मागवावे लागतात. म्हणून आपली ब्रेक-पॅडची जोडी, चेनचा क्विक लिंक (तुटलेली चेन जोडणारी कडी) आणि डिरेल्युअर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग धरणारी पट्टी) जवळ ठेवावा.

नाशिकचं नाव घ्यावंच लागेल. तिथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आरपार ओलांडणारी सायकल शर्यत जोडीने पूर्ण केली, आणि त्या गावात सायकलिंगची हवा खरी आहे. ज्याला २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब फेऱ्या, करायच्या आहेत त्याला नाशिक मानवेल. भाचीला डोंगरातल्या वाटा हव्या होत्या, म्हणून मी तिथे थांबलो नाही.

आता माझं मत. तुमच्याकडे आज कुठली सायकल आहे ते पाहा. माउंटन बाइक असेल तर पुणे, कारण टेकडी रोज मिळते. रोड बाइक असेल आणि शनिवार-रविवार मोकळे ठेवता येत असतील तर कोल्हापूर. आणि तुमचा विषय साताऱ्यात असेल तर दोन्ही सायकलींसाठी सातारा, दुसरा विचार करू नका.

अर्ज भरण्याआधी एक फेरी जुलैत, कामाच्या दिवशी मारा. वसतिगृहात रेक्टरांना सरळ विचारा की सायकल खोलीत ठेवू देता का. शिकत असताना एका वसतिगृहाच्या जिन्याखाली कुलूप लावून ठेवलेल्या माझ्या सायकलचं पुढचं चाक एका रात्रीत गेलं होतं, आणि महिनाभर मी चालत फिरलो.

भाचीची सायकल हार्डटेल आहे, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक, साडेतेरा किलोची. तिने पुणे पहिल्या पसंतीला टाकलं. रेक्टरबाईंनी खोलीत सायकल ठेवायला हो म्हटलंय, चाकं पुसून आत आणायच्या अटीवर.