पत्रं वाटून फ्लॅट विकणारे मालक मिळतात का? ठाण्यातल्या एका वाटप सर्व्हिसचा रिव्ह्यू (3 स्टार)

आमचं काम रिसेलचं, मालकाला टोकन देऊन फ्लॅट धरायचा आणि पुढे पार्टी आणायची. अमेरिकेत याच्यासारखंच होलसेलिंग चालतं, तिकडे कौंटीच्या टॅक्स रेकॉर्डमधून मालकाचं नाव नि तो जिथे राहतो तिथला पत्ता काढतात आणि थेट त्याला पत्र टाकतात. यूट्यूबवर बघून आपल्याकडचेही बरेच जण आता हे करायला निघालेत, पण इथे तशी यादी सहज मिळत नाही हो, इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा) काढली तरी मालक राहतो दुबईत आणि पत्र पडतं भाडेकरूच्या हातात.

आता सर्व्हिसबद्दल. नौपाड्यातली एजन्सी आहे, नाव नाही लिहीत. डिझाइन, छपाई, वाटप सगळं एकाच ठिकाणी. छपाई खरंच झकास, मराठी टायपिंगमध्ये एक चूक नाही (हे आजकाल दुर्मिळच!), आमचा महारेरा नोंदणी नंबरही मोठ्या अक्षरात छापून दिला, तो आधी वाचणारे लोक असतात.

घोळ वाटपात. घोडबंदर रोडच्या टॉवर्समध्ये पोऱ्याला गेटच्या आत सोडतच नाहीत, गठ्ठा सिक्युरिटी केबिनमध्ये ठेवला आणि आम्हाला सांगितलं वाटून झालं, एका ओळखीच्या सेक्रेटरीने फोटो पाठवला तेव्हा कळलं. तिकडचे पैसे पाण्यात.

पण चरई, पाचपाखाडी, नौपाडा इथल्या बिनलिफ्टच्या जुन्या बिल्डिंगा, जिथे जिन्याखाली लेटरबॉक्स आहेत आणि रिटायर्ड मंडळी ते रोज उघडतात, तिथून फोन आले. त्यातले निम्मे "आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय का हो?" एवढंच विचारायला 😅 उरलेल्यांत मात्र दम होता. रिडेव्हलपमेंटची वाट बघून कंटाळलेले, गुडघे गेलेत नि तिसरा मजला चढवत नाही म्हणणारे, वडील वारले आणि मुलं पुण्यात असलेले. यातला एक फ्लॅट झालाही. फक्त वारसाच्या केसमध्ये नॉमिनेशन दाखवून घाई करतात त्यांना थांबवा, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, बाकीच्या वारसांचं हक्कसोडपत्र रजिस्टर झाल्याशिवाय मोठी रक्कम देऊ नका. वाशीच्या जुन्या सेक्टरांतही पत्र चालेल असं वाटतं, पण तिकडे बहुतेक सिडकोचं लीजहोल्ड (जमीन सिडकोची, भाडेपट्ट्यावर), ट्रान्सफर फी कोण भरणार ते पहिल्याच फोनवर बोलून घ्या.

एजन्सी घ्यायची तर वाटपाच्या वेळी आपला एक माणूस सोबत पाठवाच. नुसतं पिनकोडभर वाटायचं असेल तर पोस्टाची डायरेक्ट पोस्ट सर्व्हिस आहे, पत्ता लिहावा लागत नाही, पोस्टमनच टाकतो. आणि एकदाच पत्र टाकून फोनची वाट बघत बसणार असाल तर राहू द्या, आम्हाला बरे फोन दुसऱ्या-तिसऱ्या पत्रानंतर आलेत, पहिलं पत्र बहुतेक रद्दीतच गेलं असणार.

पुढच्या वेळी छपाई यांच्याकडेच, वाटप आमचं आम्ही करू.