सर्व्हावॅक: लेकीला देशी लस दिली, त्याचा अनुभव

बारा वर्षांच्या मुलीला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस द्यायची म्हटल्यावर डॉक्टरांनी दोन नावं सांगितली. बाहेरून येणारी गार्डासिल ९ आणि आपल्या पुण्याच्या सीरमची सर्व्हावॅक. पहिलीचा एक डोस दहा हजारांच्या वर, दुसरीचा साधारण दोन हजार. पण नुसती किंमत बघून घ्यायला लस म्हणजे काय साडी आहे?

म्हणून खोदून खोदून विचारलं. गार्डासिल ९ एचपीव्हीच्या, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूच्या, नऊ प्रकारांवर चालते, सर्व्हावॅक चारांवर: ६, ११, १६ आणि १८. फरक खरा आहे. ऐपत असणाऱ्याने नऊवाली घेतली तर मी नावं ठेवणार नाही. मात्र या कॅन्सरच्या सुमारे ७० टक्के रुग्णांत १६ आणि १८ हेच कारण असतं. शिवाय भारतातल्या चाचणीत प्रतिपिंडांच्या (शरीर विषाणूशी लढायला तयार करतं ती प्रथिनं, अँटीबॉडीज) बाबतीत सर्व्हावॅक गार्डासिलच्याच जुन्या, चार प्रकारांवर चालणाऱ्या लसीच्या मागे पडली नाही. मला तेवढं पुरेसं वाटलं.

दंड थोडा दुखला, ताप नाही. सुई टोचल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवतात, तेव्हा घाईत जाऊ नका.

तक्रार क्लिनिकबद्दल. वेळ घेऊन गेलो तर साठा संपलेला. कंपनी हडपसरला आणि लस पुण्यातच नाही, कमाल आहे!

९ ते १४ वयात दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. पंधरापासून तीन लागतात, म्हणजे खर्च वाढला.

पाचपैकी चार तारे. निघण्याआधी फोन करून साठा विचारा.